चोवीस तासांचा कॅन

अनिशचे डोळे सकाळी सुजलेले दिसायला लागले तेव्हा रसिकाने आधी डासांना दोष दिला, मग उशीला, मग मोबाईलला. दुपारपर्यंत सूज उतरायची, पोरगं घरापुढच्या खळ्यात हुंदडायला लागायचं आणि आपणच उगाच घाबरतो असं तिला वाटायचं. पण मालवणच्या डॉक्टरांनी त्याच्या लघवीत पट्टी बुडवली, रंग बघितला आणि नेहमीसारखी थट्टा न करता चिठ्ठी लिहायला घेतली. लघवीतून प्रथिनं जातायत, म्हणाले. किडनी गाळणीसारखी असते, तिला काही झालंय का ते बघायला हवं. आणि त्यासाठी किती जातायत ते मोजायला हवं.

मोजायचं म्हणजे पूर्ण चोवीस तासांची लघवी एका कॅनमध्ये जमवायची. सकाळी सातची पहिली टाकून द्यायची, त्यानंतरचा थेंबन् थेंब कॅनमध्ये, दुसऱ्या दिवशी सातपर्यंत. कॅन थंड राहिला पाहिजे. एक जरी चुकली तरी आकडा खोटा येईल, असं लॅबमधल्या मुलीने दोनदा बजावलं. मंगळवारी जमवून बुधवारी दिला, की गुरुवारी कुडाळला येणाऱ्या मुलांच्या किडनीच्या डॉक्टरांना रिपोर्ट दाखवता येणार होता. ते पंधरा दिवसांतून एकदाच यायचे.

फ्रिजमध्ये, दुधाच्या शेजारी, तो कॅन ठेवायला काही रसिकाचं मन होईना. तिचा नवरा जितेंद्र बंदरावर मासळीच्या वजनाचं काम करायचा. मंगळवारी पहाटे तो थर्माकोलची कोरी पेटी आणि फोडलेला बर्फ घेऊन आला. ‘सुरमई ठेवतत तशी ठेव,’ म्हणाला. कितीतरी दिवसांनी दोघं हसली.

दर वेळी कॅनवर पेनाने रेघ ओढायची आणि शेजारी वेळ लिहायची, असं रसिकाने ठरवलं. आठ दहा. दहा वीस. बारा पाच. अनिशला हा खेळ भलताच आवडला; रेघ वर चढली की तो टाळ्या वाजवायचा. जेवणानंतर तो झोपला आणि तिला तासाभरासाठी रेशनच्या दुकानात जावं लागलं. जाताना तिने सासऱ्यांना सगळं परत एकदा समजावलं. गंगारामांनी पेपरातून डोकं वर न काढता मान हलवली.

परत आली तेव्हा अनिश जागा होता. तिने पेटी उघडून बघितली. शेवटच्या रेघेच्या वर चांगली तीन बोटं भर पडली होती. आधी तिला बरंच वाटलं, पोराला स्वच्छ होतेय म्हणून. मग वाटलं, एवढासा जीव, एका वेळी एवढी? तिने अनिशला जवळ घेतलं आणि विचारलं.

‘मी माडाक घातलंय,’ अनिश म्हणाला.

तो जन्मला त्या पावसाळ्यात गंगारामांनी विहिरीजवळ एक माड लावला होता. पोरगं उभं राहायला शिकल्यापासून झोपेतून उठलं की आजा त्याला त्या माडाच्या बुंध्याशी न्यायचा. माडाला खार लागतो, तो तू द्यायचा, असं त्याने नातवाला पढवलं होतं, आणि नातू ते काम इमानाने करायचा.

रसिका पडवीत आली.

‘बाबा, मग कॅनात कोणाची आसा?’

गंगारामांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला.

‘पोराक थंय मीच नेलंय गो, सवयीन. मगे आठवला. म्हणान माझी घातलंय.’

‘तुमची?’

‘माझी बरी आसा. गेल्या वर्साक तपासलेली. डॉक्टर म्हणालो, ह्या वयात अशी किडनी बघूक मिळणा नाय.’ म्हाताऱ्याने पेपराची घडी घातली. ‘माझी मिसळली तर पोराचो रिपोर्ट बरो येतलो, असा वाटला माका.’

रसिकाला हसू फुटलं आणि त्या हसण्यातच रडू आलं. पदराने तोंड पुसून ती आत गेली, पेटीजवळ बसली.

राहू दे, असं तिला वाटलं. खरंच वाटलं. बाकीची जमवायची आणि सकाळी कॅन देऊन टाकायचा. आकडा उतरेल, डॉक्टर म्हणतील फारसं काही नाही, दोडामार्गला आईला फोन करून सांगता येईल. नाहीतर गुरुवार हातचा जाणार आणि आणखी पंधरा दिवस हेच. बर्फ वितळून कॅन एका अंगाला कलला होता. तो सरळ करताना तिच्या मनात आलं, रिपोर्ट काहीही म्हणो, परवा सकाळी ह्याचे डोळे मीच बघणार आहे.

ती उठली आणि कॅन न्हाणीत नेऊन रिकामा केला.

मग तिने मालवणच्या डॉक्टरांना फोन लावला आणि झालं ते सगळं सांगितलं. ते हसू दाबतायत हे तिला कळलं. वजन रोज करा, म्हणाले, मीठ कमी. पायावर सूज आली किंवा लघवी कमी झाली तर लगेच घेऊन या. नाहीतर पंधरा दिवस थांबायला हरकत नाही. आणि आजोबांना म्हणावं, तुमची किडनी तुमच्याकडेच असू दे.

रात्री गंगाराम जेवायला येईनात. भूक नाही, म्हणाले. रसिकाने त्यांचं ताट वाढून पडवीत नेलं.

‘पोराचा वाईट व्हवचा म्हणान केलंय नाय गो,’ ते म्हणाले.

‘म्हायत आसा, बाबा. जेवा.’

ते पंधरा दिवस घरात सुका बांगडा शिजला नाही. अनिशला नाही तर कोणालाच नाही, असं गंगारामांनीच जाहीर केलं, आणि चौथ्या दिवशी बिनमिठाच्या पेजेला अशी काही नावं ठेवली की अनिश हसत सुटला. सूज सकाळी यायची, दुपारी जायची. वाढली नाही.

दुसऱ्या खेपेला रसिका दिवसभर घरातून हलली नाही. कॅनवर नऊ रेघा झाल्या.

कुडाळच्या डॉक्टरांनी रिपोर्ट वाचला, अनिशच्या पापण्या बोटाने दाबून बघितल्या, पाय बघितले.

‘जातायत प्रथिनं,’ ते म्हणाले. ‘औषध सुरू करू. बरेच महिने चालेल, पण बहुतेक मुलं ह्याने सावरतात. मात्र डोस मी ह्या आकड्यावर आणि वजनावर ठरवणार. एखादी राहून गेलीय, सांडलीय, असं काही? आकड्यावर भरवसा ठेवू ना?’

‘ठेवा,’ रसिका म्हणाली.

डॉक्टर लिहायला लागले. तिने अनिशला मांडीवर नीट घेतलं आणि औषध जेवणाआधी द्यायचं की नंतर, ते विचारलं.