टेकडीच्या मागची बाजू

गेममध्ये धबधबा दिसला की कल्याण आधी त्याच्या मागं जायचा. मागं काही ना काही असतंच. गुहा, पेटी, दुसरी दुनिया. जालन्याच्या एमआयडीसीत बियाण्याच्या प्लँटवर ड्युटी, आणि रूमवर आलं की हाच उद्योग. मग यूट्यूब बघून बघून तो स्वतःच गेम बनवायला लागला. कसला, तर भोकरदनकडच्या आपल्या गावच्या टेकडीचा. पायथ्याची बाभळ, वर म्हसोबा, झेंडा. सगळं हुबेहूब.

रविवारी गावी आला नि मोबाईल आईच्या हातात दिला. द्वारकाबाईचे गुडघे कामातून गेल्ते. टेकडी सोडा, गल्लीच्या तोंडापर्यंत जाणं मुश्किल.

"हा गोल अंगठ्यानं ढकल, माय. बघ, तू चालून राह्यली."

कल्याणला वाटलं, जाईल म्हसोबाला, हात जोडील. पण बाई बाभळीपासून डावीकडं वळली आणि सरळ टेकडीच्या मागं निघाली. थोडं पुढं गेली आणि स्क्रीनवरची बाई जागच्या जागी पाय आपटत राहिली.

"अडकले की रे."

"तिकडं काही न्हाई, माय. तिथं संपतं."

"संपतं कसं? तिकडंच तर सगळं हाय!" तिनं भिंतीपलीकडं हाक मारली, "मेहरुन! ए मेहरुन! ये इकडं, ह्यानं आपली कपार बुजवली!"

शेजारची मेहरुन्निसा चाची पिठाच्या हातानंच आली. स्क्रीन बघितली आणि हसत सुटली. "द्वारका, तुझ्या लेकाला मालूमच न्हाई."

खरंच मालूम नव्हतं. तिकडं बाया गवताला जायच्या, गडीमाणसं फिरकत नसत, एवढंच. दुनियेतले धबधबे पालथे घातले पठ्ठ्यानं, आणि गावच्या टेकडीला कधी वळसा घातला नव्हता.

चाची सांगायला लागली. खडकाखाली थंडगार पाणी. विळे बाजूला ठेवून बाया तिथं बसायच्या. द्वारकाचं माहेर अंबड. माहेरी गेली की पिक्चर बघून यायची आणि कपारीत तो आख्खा करून दाखवायची, गाण्यासकट. चाची हिरो, गवताची मिशी लावून.

"आन् माय हिरोईन?"

"व्हिलन," द्वारकाबाई म्हणाली. "मरायला दुसरी कोणी तयारच नसायची ना."

मग गुडघ्यावरून हात फिरवत हळूच बोलली, "एकदा बघायचंय रे ते. पाय तर आता न्यायचे न्हाईत. ह्याच्यातून तू ने."

कल्याण लगेच एकटाच कपार बघायला निघाला. टणटणीची झुडपं अंगाला ओरबाडत होती. खडकाला वळसा घातला तर समोर कपार. आत पाणी, अन् काठाचा दगड बसून बसून गुळगुळीत झालेला. तो त्या दगडावर बसला. मग फोटो काढले.

पुढच्या रविवारी कपार गेममध्ये आली नि दोघी एका मोबाईलवर वाकल्या.

"पाणी एवढं निळं कुठं होतं? हिरवं कर."

"आगं हळू, शेवाळ हाय तिथं!" चाची ओरडली, जसं काही द्वारकाबाई खरंच घसरणार होती.

द्वारकाबाईनं स्क्रीनवरच्या बाईला दगडावर बसवलं. अंगठा उचलला. डोळे भरून आल्ते.

थोड्या वेळानं म्हणाली, "हे कोणाकोणाला दिसन?"

"गेम टाकला की सगळ्यायला."

दोघींनी एकमेकींकडं बघितलं. "मंग न्हाई."

"माय, असं काय करती! लपलेली जागा हीच तर गेमची जान आसती. लोक तिच्यासाठीच येडे होतेत."

"बेटा," चाची म्हणाली, "लपलेली म्हणतो आन् सगळ्यायला दाखवतो?"

कल्याण चिडला. उठून ओट्यावर जाऊन बसला. असली जागा कोणाच्याच गेममध्ये नव्हती. टाकला असता तर नाव झालं असतं, ते पण बराबर होतं. पण तो त्या दगडावर बसला होता. तो दगड काय त्यानं गुळगुळीत केला नव्हता.

त्यानं लॅपटॉप उघडला. लोकांसाठीच्या गेममध्ये टेकडीमागं बाईला अडवणारी ती भिंत परत घातली. आईच्या मोबाईलवर मात्र वाट मोकळी ठेवली.

"झालं. आता फक्त तुमची."

द्वारकाबाईनं त्याच्या पाठीवरून हात फिरवला. चाची अजून स्क्रीनमध्येच होती.

"बेटा, मी कुठं हाय पण? ही एकटीच बसली. मला बी टाक तिथं. आन् मिशी बिलकुल विसरू नको."

"मिशी मोठी का बारीक, चाची?"

"मोठी!" दोघी एकदमच ओरडल्या.

कल्याणनं मिशी बनवायला घेतली.