दादा अध्यक्ष झाला

आमचा दादा विद्वान. हे मी कौतुकाने म्हणते, पण अर्ध्याच कौतुकाने. समाजात विचारवंताचं काम काय, यावर त्याने जाडजूड पुस्तक लिहिलंय. त्याला नेहमी दोन्ही बाजू दिसतात. वहिनीने भाजी कुठली आणू विचारलं, तरी तो दोन्ही भाज्यांच्या बाजूने बोलतो आणि ती बिचारी पिशवी घेऊन दारात ताटकळते.

आमच्या वस्तीतल्या दवाखान्याचा बाळंतपणाचा विभाग शहराच्या दुसऱ्या टोकाला हलवायचं घाटत होतं. माझ्या लेकीला आठवा लागलेला. गेल्या खेपेला तिचं रक्त थांबेना; दवाखाना कोपऱ्यावर होता म्हणून वाचली. जाहीर सुनावणी होती. तिथे दादाने बोलावं म्हणून मी शिलाई मशीन बंद करून त्याच्या मागे लागले. "बोलतो की," तो म्हणाला.

सभागृहात पोचलो, तर तिथला अधिकारी धावतच आला. दादाचा जुना विद्यार्थी! "सर, तुम्ही असताना अध्यक्ष दुसरा कोण होणार?" दादा नको नको म्हणत खुर्चीत बसला. मी खालून खुणा करतेय, हा आपला चष्मा पुसतोय. मग म्हणाला, "अध्यक्षाने बाजू घ्यायची नसते. मी सर्वांना समान वेळ देईन."

सभा मात्र त्याने चोख चालवली. वेळ झाली की टेबलावरची घंटा वाजवायची, मग समोर कोणी का असेना. विभाग हलवणारे तयारीचे होते, झरझर बोलून गेले. आमच्या बायका रडण्यातच वेळ घालवून बसल्या. मग माझी पाळी आली.

"लेकीचं रक्त थांबेना, अंथरूण भिजलं, आणि..." एवढ्यात घंटा वाजली. माझ्या सख्ख्या भावाने वाजवली.

"वेळ संपला," तो म्हणाला.

"जीव संपत होता तिचा! तू होतास ना तिथे? मग सांग की!"

दादा उठायला लागला, तसा अधिकारी त्याच्या कानाशी लागला. पण माईक चालूच होता, सगळ्यांना ऐकू आलं. "सर, मध्येच खुर्ची सोडलीत तर सुनावणी रद्द धरावी लागेल. पुन्हा घ्यायची म्हणजे दोन महिने जातील. तोवर विभाग हलवता येणार नाही."

दादा क्षणभर तसाच उभा राहिला. मग खाली उतरून माझ्याशेजारी आला.

"मी तिचा मामा," त्याने सुरुवात केली. "तिला उचलून मीच नेलं." पुढे तो अडखळला, दोनदा तेच वाक्य म्हणाला, आणि मग त्याला बोलवेचना. अधिकाऱ्याने सुनावणी रद्द झाल्याचं जाहीर केलं.

परतताना तो म्हणाला, "मला काही धड बोलता आलं नाही."

"नाहीच आलं," मी म्हटलं, आणि रस्त्यातच मला रडू फुटलं. लेक पुढच्या महिन्यात बाळंत होणार होती.