कावीळ नव्हती

"वडा ठेव खाली. कावीळवाल्यानं तेलकट खायचं न्हाई," म्हणत कामावरच्या जेवणाच्या सुट्टीत रंगरावने ज्योतीरामच्या ताटातला वडा उचलून स्वतःच्या तोंडात टाकला.

ज्योतीराम हसला. त्याच्या दोन महिन्यांच्या रजेचं कारण बायकोने, विजयश्रीने, फोनवर कावीळ सांगितलं होतं. कामावर परतल्यापासून चाकणच्या त्या कारखान्यात सगळे त्याला उसाचा रस पाजत होते. अशक्त म्हणून पत्र्याला आकार देणाऱ्या प्रेसवर साचे बसवणारा हा डाय-सेटर तीन आठवडे पॅकिंगला खोकी चिकटवत होता.

"सोमवारपासून प्रेसवर या," सुपरवायझर कुलदीप जाता जाता म्हणाला. "रात्रपाळी."

प्रेस तर हवीच होती. पण रात्रीची झोप मोडायची नाही, असं मनोविकारतज्ज्ञांनी बजावलं होतं. अजून अशक्तपणा आहे म्हटलं असतं तर रात्रपाळी टळली असती. मग खोकीच कायमची.

"खरं सांगितलंत तर वेडा म्हणतील," विजयश्री घरी म्हणाली.

"म्हणू दे. मला माझी प्रेस पाहिजे."

सकाळच्या सुरक्षा बैठकीत रोज एकाने थोडक्यात टळलेला अपघात सांगायचा, कारण आणि उपाय फळ्यावर लिहायचे, अशी रीत होती. शनिवारी ज्योतीराम पुढे झाला.

"मे महिन्यातला सांगतो. डाय बसवताना आधाराचा ठोकळा लावायला विसरलो आणि हात आत घातला. कुणी बघितलं नाही. नशीब, प्रेसचा वरचा भाग खाली आला नाही."

"कारण?" कुलदीपने मार्कर उघडला.

"नऊ रात्री झोप नव्हती. जगावंसं वाटत नव्हतं. मला कावीळ नव्हती झाली. डिप्रेशन होतं. उपचार चालू आहेत."

फळ्याकडे बघणारी पंचवीस माणसं त्याच्याकडे बघू लागली.

"येडं प्रेसवर नको बाबा," मागून एकजण पुटपुटला.

रंगराव वळला. "तू हात वाचवणारा सेन्सर बांधून ठेवून मशीन चालवतो, ते सांगितलं का कधी? मग येडा कोण?" हशा पिकला. "आन् तू रं भावा, तीन आठवडे फुकटचा रस प्यायलास!"

"उपाय?" कुलदीपचा आवाज रोजच्यासारखाच होता.

"रात्रपाळी नको. गोळी वेळेवर. आणि झोप झाली नसेल तर मशीन सुरू करण्याआधी ज्योतीराम सांगेल."

कुलदीपने तिन्ही ओळी लिहिल्या. जरा थांबून शेवटच्या ओळीतलं नाव पुसलं आणि तिथे 'प्रत्येकजण' लिहिलं.

"डॉक्टरांचं पत्र आणा. दिवसपाळी लावतो."

सोमवारी सकाळी सात वाजता प्रेसमधून पहिला नग बाहेर आला. ज्योतीरामने तो तीन ठिकाणी मोजला. माप बरोबर होतं. मग पांढऱ्या मार्करने त्यावर आपलं नाव लिहून त्याने तो मशीनशेजारच्या खुंटीला टांगला. त्या दिवशीचे सगळे नग त्याच्याशीच ताडून पाहायचे होते.