परत केलेली उशी

आम्ही त्या गावात उतरलो तेव्हा सगळ्या गल्लीत कापूस उडत होता. उन्हात तरंगायचा, खिडकीतून आत यायचा, यांच्या प्रवचनाच्या वहीवर अलगद बसायचा. पहिले काही दिवस मला आपण जागे आहोत की झोपेत चालतोय, हेच कळेना. माणसं बोलून झाल्यावर जरा थांबायची. बोललेलं कळायचं, थांबलेलं कळायचं नाही.

मिशनने आम्हाला दोन कामांसाठी पाठवलं होतं. हे पाळक, यांनी प्रार्थना चालवायची. मी परिचारिका, मी पुढच्या खोलीत मलमपट्टी करायची. यांच्या पहिल्या प्रार्थनेला तिघे आले. दोघे पंख्याखाली झोपले आणि तिसरा तो पंखाच दुरुस्त करायला आला होता.

माझ्याकडे मात्र समोरची पिंजारीण आली. एकटी राहायची, गाद्या-उशा भरायची. टाचेला जखम, अंगात साखर.

"मावशी, रोज यायचं. हयगय केलीत तर पाय हातचा जाईल," मी म्हटलं.

"पाय हातचा कसा जाईल गं?" म्हणत ती खुदखुदली.

तिसऱ्या दिवशी ती उशी घेऊन आली. ढगाला खोळ शिवावी तशी. मी हात मागे घेतला. द्यायचं, घ्यायचं नाही, हा मिशनचा नियम. आणि खोटं कशाला बोलू, मला त्याचा अभिमानही होता. "नको मावशी, आम्ही काही घेत नाही. देवाच्या नावाने करतो."

ती थांबली. मग उशी काखेत मारून गेली.

दुसऱ्या दिवशी आली नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. समोरून कापूस पिंजायच्या धनुकलीची तात वाजताना ऐकू यायची, म्हणून ती आहे एवढं कळायचं. माझं लक्ष मात्र त्या टाचेत अडकलेलं.

कपडे द्यायला आलेल्या इस्त्रीवाल्याने उलगडा केला. "बाई, तुम्ही तिची उशी परत केलीत म्हणे. इथे दिलेलं परत केलं की तुझं-माझं संपलं."

"अहो, मी किती नम्रपणे नको म्हटलं!"

"तेच तर! शिव्या दिल्या असत्यात तर परवडलं असतं."

मी यांच्याकडे पाहिलं. मिशीतला कापूस काढत हे म्हणाले, "नियम करणारे इथे राहायला आले नव्हते. जा तू."

तिच्या खोलीत जमीन दिसतच नव्हती. सगळीकडे कापूस, आणि त्यात गुडघ्यांपर्यंत बुडून ती पिंजत होती. टाचेला चिंधी, चिंधीला कापूस. खुंटीवर रिकामी खोळ लटकत होती.

"उसवली ती," माझी नजर पाहून ती म्हणाली. "परत आलेली मी विकत नाही."

"मावशी, पाय दाखवा."

"माझं मी बघेन. फुकटचं घ्यायची सवय नाही मला."

मी तिला सेवा देत होते, तिला ती भीक वाटत होती. प्रवचन यांच्याकडे, माझ्याकडे नुसती अवघडलेली मान. म्हणून मी मानेचंच बोलले. "मावशी, आमच्या पुस्तकांच्या पेट्या आल्या, बिछाने अजून यायचेत. हे जाड पुस्तकावर टॉवेल टाकून झोपतात, मी कपड्यांच्या गाठोड्यावर. आल्यापासून माझी मान वळत नाही. मला उशी हवी आहे."

तात वाजायची थांबली.

"मग तेव्हा सांगायला जीभ झिजली असती? हो आडवी. माप घेते."

"उशीला माप?"

"उशीला नाही, मानेला. सगळ्या माना काय एकाच देवाने केल्यात?"

यावर आमच्याकडे उत्तर असतं. पण तिची बोटं मानेखाली गेली, तात पुन्हा वाजू लागली, छपरापासून कापूस सावकाश उतरत राहिला आणि उत्तर द्यायचं राहून गेलं. भर दुपारी, पेशंटच्या घरी, दवाखान्याची पिशवी पोटावर धरून मी झोपले. स्वप्नसुद्धा पडलं नाही. नुसतं पांढरं.

जाग आली तेव्हा डोक्याखाली उशी होती. पिशवी खाली ठेवलेली, आणि चिंधी सोडून तिने आपला पाय त्या पिशवीवर ठेवला होता. सूज घोट्यापर्यंत चढली होती. मी बोटं दाबून पाहिली.

"कळतंय?"

"कळतंय तर! चिमटे काय काढतेस?"

माझा जीव भांड्यात पडला.

"धू आता," ती म्हणाली. "आणि उद्या नवऱ्याला घेऊन ये. पुस्तकावर झोपणाऱ्याची मान कशी असते, बघायचंय मला."

मी पाणी मागितलं. जखमेतून कापसाचे तंतू एकेक करून काढायचे होते. त्याला वेळ लागणार होता.