हजारपट

बाबांनी काळ्या मखमलीवरून कुंचला फिरवला, कडेला जमलेली धूळ कागदात ओढून घेतली आणि पुडी बांधून बटव्यात टाकली. उभा जन्म सोनारकामात गेलेला. सोन्याचा कीस वाया जाऊ द्यायचा नाही, म्हणून मखमल दिसली की हात आपोआप झाडू लागत.

"बाबा, काय केलंत?" लेकीनं त्यांचा हात धरला. "विषाणू होता तो."

कॉलेजच्या प्रदर्शनात तिनं सगळं हजारपट मोठं करून मांडलं होतं. स्त्रीबीज म्हणून मोसंबीपेक्षा जरासा मोठा गोळा, तांबडी पेशी म्हणून सदऱ्याचं बटण, जिवाणू म्हणून मोहरी. विषाणू मात्र हजारपट करूनही डोळ्यांना जेमतेम दिसेल असा ठिपकाच. त्यासाठी तिनं बाबांकडून सोन्याचा कण मागून घेतला होता. मोतीबिंदूपायी दुकान बंद केल्यापासून घरात नुसते बसून असलेले बाबा त्या दिवशी गुणगुणत जेवले होते. आणि आता हातानं केलेलं हातानंच घालवलं.

परीक्षक मॅडम शेजारच्या टेबलापाशी येऊन ठेपल्या होत्या.

धुळीतून नेमका तोच कण शोधण्यात अर्थ नव्हता. बाबांनी बटव्यातली कानस काढली, बोटातल्या लग्नाच्या अंगठीवर एकदा हलकेच घासली, त्यातल्या त्यात बऱ्या डोळ्याला भिंग लावलं. श्वास रोखून त्यांनी चिमट्याचं टोक मखमलीवर टेकवलं.

मॅडम वाकून टेबलावरच्या भिंगातून बराच वेळ पाहत राहिल्या.

"सापडला," त्या म्हणाल्या. "हा विषाणू हजारपट केलेला. मग खरं स्त्रीबीज केवढं, सांग बरं."

"एवढंच, मॅडम. ह्या कणाएवढं," लेक म्हणाली. "आपण सगळे एवढेच असतो सुरुवातीला."

बाबांनी भिंग उतरवलं. ते कणाकडे पाहत राहिले, मग लेकीकडे. तिच्याकडे पाहायला आताशा मान वर करावी लागे.

"एवढीशी होती," त्यांनी मॅडमना सांगितलं. "आता आम्हाला शिकवते."

मॅडम हसून पुढच्या टेबलाकडे वळल्या. बाबांनी कुंचला उचलला. दुकानातल्या कारागिरालाही त्यांनी कधी त्या कुंचल्याला हात लावू दिला नव्हता. तो त्यांनी लेकीच्या हातात ठेवला.

"तुझ्याकडेच असू दे," ते म्हणाले. "मखमल दिसली की माझे हात ऐकत नाहीत."