बाटलीवरची पाठ

डावीकडची पाठ माझी आहे.

बाटली हातात घेतली की डाव्या बाजूला विरळ केस दिसतात, मधून टाळूचा पांढरा पट्टा, खाली उंदराच्या शेपटीएवढी वेणी. ती मी. खाली छापलंय : आधी. उजवीकडे माझी धाकटी बहीण. कमरेखाली उतरलेले, काळेभोर, एकसारखे केस. खाली छापलंय : नंतर. मध्ये बाण. चेहरा कुणाचाच नाही, त्यामुळे लोकांना वाटतं बाई एकच.

आधी मी जन्मले, नंतर ती. त्या लेबलावर एवढंच खरं आहे.

तेल दादाचं. घराच्या मागच्या खोलीत मोठ्या पातेल्यात उकळतं, फडक्यातून गाळलं जातं, नरसाळ्याने बाटलीत उतरतं. वहिनी उकळते. मी भरते, झाकणं लावते, लेबलं चिकटवते. म्हणजे दिवसभर स्वतःचीच पाठ चिकटवत बसते आणि फुगा राहू नये म्हणून तिच्यावरून अंगठा फिरवते. धाकटी पुढे दुकानात. तिला शेगडीजवळ यायची बंदी, केसांना वाफ लागते. ती उंच स्टुलावर गिऱ्हाइकांकडे पाठ करून बसते. कुणी हाक मारली तरी झटकन वळायचं नाही. केस सावकाश हलले पाहिजेत. तिचे केस तेल जन्माला यायच्या कितीतरी आधीपासून तसेच आहेत, पण पाठीला कोण विचारतंय.

"आधी, झाकणं संपली का गं?" वहिनी विचारते.

"नंतरला विचार, पुढे असतील."

सुरुवातीला ही मस्करी होती. आधी, तू आधी जेव. नंतर नंतर जेवेल. हसून हसून पुरेवाट व्हायची. मग हसणं गेलं, नावं राहिली.

नवऱ्याचं घर सोडून मी इथे आले तेव्हा माझे केस जरा पातळ होते, इतकंच. लेबल नंतर आलं. "बसल्या बसल्या एवढं तरी होईल ना तुझ्याकडून," दादा म्हणाला होता. झालं. तेलाच्या घरात राहायचं म्हणजे तेल लावायचं, रोज, रात्रभर. लावत गेले तशी मी लेबलाला अधिकाधिक शोभायला लागले.

*

टाळू स्वच्छ ठेवावी.

हे डॉक्टरीणबाईंनी सांगितलं. मी गेले होते चक्कर येते म्हणून. त्यांनी माझी पापणी खाली ओढून पाहिली आणि मग त्यांची नजर वर गेली.

"हे केव्हापासून?"

लेबलापासून, असं अगदी ओठावर आलं होतं.

"टाळूवर खपल्या धरल्यात. त्यावर तेल थापताय. आणि ओल्या केसांचा करकचून अंबाडा बांधता, हो ना?"

"कामात केस मध्ये मध्ये येतात."

"आता यायला उरलेत कुठे?" त्या म्हणाल्या, पण हसल्या नाहीत. रक्त तपासायला सांगितलं. रक्तात लोह नव्हतं. गोळ्या दिल्या.

तेल पूर्ण बंद करावं.

त्यांना काय जातंय सांगायला.

दिवसाआड शाम्पूने डोकं धुवावं.

आमच्या घरात शाम्पू म्हणजे दारूबंदीवाल्याच्या घरात बाटली. मी तो कपड्यांच्या पावडरच्या खोक्यात ठेवायचे. धुतल्यावर वेणीच्या टोकाला बोटाने जरासं तेल पुसायचं, वासापुरतं.

टॉवेलने खसाखसा पुसू नये, नुसतं टिपावं. ओले केस बांधू नयेत. विंचरताना मोठ्या दातांची फणी घ्यावी, टोकाकडून सुरुवात करून वर जावं.

हे मला फार आवडलं. जन्मभर मी वरून खाली ओढत होते. सगळा गुंता तळाशी नेऊन त्याच्याशी भांडत होते. तळापासून सोडवत वर गेलं की भांडण होतच नाही. केसांपुरतं तरी.

अंडी, कडधान्यं, पालेभाजी खावी. पोटभर.

"हल्ली तुझी भूक वाढलीय," वहिनी म्हणाली.

वाढू दे.

मग एके दिवशी कपाळाच्या कडेने बारीक लव दिसली. नुकत्याच अंड्यातून बाहेर आलेल्या पिलासारखी, उभी. तिला झोपवायला गेलं तरी झोपेना. मी न्हाणीघरातल्या छोट्या आरशासमोर उभी राहून तिच्यावरून तळवा फिरवत राहिले, बाहेरून कुणीतरी दार वाजवेपर्यंत.

*

नवीन लेबल काढायचं ठरलं. फोटोवाला आला. त्याने मला खिडकीकडे पाठ करून बसवलं.

"जरा विस्कटा. अजून. टाळूला पावडर लावू या का?" कॅमेऱ्यातून बघत तो थांबला. "साहेब, ह्या काही 'आधी' वाटत नाहीत."

दादा पुढे आला. माझ्या केसांत बोटं घातली, मुळापाशी चाचपून पाहिलं. कितीतरी वर्षांनी त्याने माझ्या डोक्याला हात लावला होता.

"अगं, तुझे आले की."

आवाज मऊ झाला होता. मला वाटलं, अगदी मनापासून वाटलं, की त्याला माझ्यासाठी आनंद झालाय.

"ए, इकडे ये," त्याने वहिनीला हाक मारली. "हे बघ. आपलं तेल चालतं."

त्याला स्वतःलाच एवढं नवल वाटलेलं बघून फोटोवाला खाली मान घालून लेन्स पुसायला लागला.

"दादा, मी नाही लावलं. बंद केल्यावर आले."

"काय बंद केल्यावर?"

"तेल."

त्याने फोटोवाल्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "बाहेर कुठे बोललीस हे?"

"नाही."

"मग झालं तर." माझ्या खांद्यावर त्याने थोपटलं. "आता दोन्ही तूच. आधीपण तूच, नंतरपण तूच. खरी बाई, खरे केस. पाठ नको आता, चेहरा दाखवू. व्हिडिओ करू. दोन वाक्यं बोलायची फक्त."

*

धाकटी संध्याकाळी माझ्या शेजारी पालथी पडली, मान चोळत.

"ताई, हो म्हण ना. तू पुढे आलीस की मी सुटले. मला मानेपर्यंत कापायचेत. धुण्यात सकाळ जाते, वाळण्यात दुपार. मी माणूस आहे की वाळत घातलेली चादर?"

"मी खोटं बोलू?"

"एकदाच बोल. मी एवढी वर्षं बोलतेय, पाठीने."

मी हो म्हटलं. तिला वाटलं तिच्यासाठी. दादाला वाटलं घरासाठी.

मी मनात वेगळंच ठरवलं होतं. दादासमोर मी कधी एक वाक्य पुरं करू शकले नव्हते. मध्येच त्याचं बोलणं सुरू व्हायचं. पण कॅमेरा चालू असताना कुणी बोलायचं नसतं, हे मला फोटोवाल्याने सांगितलं होतं. म्हणजे आयुष्यात एकदा तरी दादा गप्प बसणार होता आणि मी बोलणार होते. एवढी संधी मला पुरे होती.

*

मी बोलले ते :

"आधी मी हे तेल रोज लावायचे. केस मुठीमुठीने गेले. डोकं दिसायला लागलं. लोक बघून मान फिरवायचे. मग मी डॉक्टरांकडे गेले. त्या म्हणाल्या, तेल बंद करा. नंतर मी हे तेल कधीच लावलं नाही. आता बघा, केस आले. दाट आले. ज्यांचे केस जातात त्यांनी डॉक्टरांकडे जावं."

बोलून झालं. फोटोवाल्याने कॅमेरा बंद केला. आता तो ओरडेल, बाटली फेकेल, चालती हो म्हणेल, सगळ्याची मी तयारी केली होती. कपड्यांची एक पिशवीसुद्धा भरून ठेवली होती.

"छान बोललीस," दादा म्हणाला. "आवाज चांगला आहे गं तुझा."

त्या दिवशी मी वेड्यासारखी खूश होते. वाटलं, ऐकलं त्याने. लाज वाटली असेल. माणूस बदलतो.

लोकांनी ऐकलं ते :

"आधी"

(केसांत अडकलेली फणी)

"केस मुठीमुठीने गेले. डोकं दिसायला लागलं. लोक बघून मान फिरवायचे."

(रिकामा आरसा)

"नंतर मी हे तेल"

(बाटली, जवळून)

"रोज लावायचे. आता बघा, केस आले. दाट आले."

(माझे केस, उन्हात)

जिथे जिथे कात्री चालवली होती तिथे तिथे माझ्या चेहऱ्यावर काहीतरी सुंदर आणून ठेवलं होतं. मला तो व्हिडिओ औषधाच्या दुकानातल्या बाईने दाखवला. "किती मनापासून बोललात हो," ती म्हणाली. खरंच होतं ते. मनापासूनच बोलले होते.

*

"एक तरी शब्द मी घातलाय का?" दादा म्हणाला. "सगळे तुझेच आहेत."

"पण पुढचे मागे केलेत."

"पुढचं मागचं कोण बघतं? गेले होते, आले. लोकांना एवढंच कळतं."

"काढून टाक तो."

"टाकतो की." तो अजिबात चिडला नव्हता. "आणि मग? तू मग कुठे जाणार?"

हे त्याने खरोखर विचारावं तसं विचारलं. मी पिशवीतले कपडे पुन्हा कपाटात लावले.

धाकटीने तोवर केस कापले होते. पार्लरमधून आली ती सारखी मान हलवत, डावीकडे, उजवीकडे. "बघ, कशी फिरते. ताई, तुझ्यामुळे गं." माझ्या गळ्यात पडली. मानेला तिच्या वारा लागत होता, पहिल्यांदाच.

*

गोळ्या संपल्या म्हणून दवाखान्यात गेले. बाहेरच्या बाकावर एक तरुण मुलगी बसली होती, डोक्याला घट्ट स्कार्फ. मला बघून जागेवरच ताठ झाली.

"तुम्ही त्याच ना? व्हिडिओतल्या?"

मी काही म्हणायच्या आत तिने पर्समधून बाटली काढली. अर्धी झाली होती.

"रोज लावते. अजून फरक नाही. जास्त लावायला हवं का?"

"लावू नका," मी म्हटलं. "मी लावत नाही. ते उलटं करून दाखवलंय. मी डॉक्टरांच्या औषधाने बरी झाले. तुम्हीही दाखवा, आलाच आहात तर."

ती माझ्या केसांकडे बघत होती. ऐकत नव्हती.

"काय घालता त्यात? वरून काहीतरी घालत असणार ना तुम्ही?"

"काहीच नाही. लावतच नाही म्हणतेय ना."

"असू दे." तिने ओठ मुडपले. "सांगायचं नसेल तर नका सांगू. स्वतःचं झालं की दुसऱ्याचं कोण बघतं. बहीण म्हणून विचारलं होतं."

माझा नंबर पुकारला. आत डॉक्टरीणबाईंनी केस बाजूला करून टाळू पाहिली, बराच वेळ.

"केस उत्तम आहेत," त्या म्हणाल्या. मग हात धुवायला वळल्या. "व्हिडिओ पाहिला मी. माझ्या पेशंट दाखवतात."

"मी तसं नव्हते बोलले, डॉक्टर. तुमचं नाव... म्हणजे तुमच्याकडे गेले हे सांगितलं होतं मी. त्यांनी कापलं."

"हो का?" त्यांनी हात पुसले, टिपल्यासारखे, सावकाश. "गोळ्या त्याच चालू ठेवा. पुन्हा यायची गरज नाही."

बाहेर आले तर ती मुलगी काउंटरपाशी उभी होती. हातातली नंबराची चिठ्ठी परत देत होती.

"आत जायचं नाही का?" काउंटरवरच्या बाईंनी विचारलं.

"नको," ती म्हणाली, आणि हनुवटीने माझ्याकडे दाखवलं. "त्या स्वतःच भेटल्या. केस खरेच आहेत. आता दोनदा लावेन."

मी तिला हाक मारायला गेले. नाव माहीत नव्हतं. "अहो," म्हटलं, तोवर ती जिना उतरून गेली होती.