अडकलेल्या माणसाशी बोलत राहा

लिफ्ट दुरुस्त करणाऱ्याची आठवण जगाला एकदाच होते, अडकल्यावर. एरवी तो मेला काय नि जगला काय! बाबांनी उभं आयुष्य हे भोगलं. पण त्यांचा एक नियम होता. आत माणूस अडकला असेल तर आधी पाना उचलायचा नाही, आधी आवाज द्यायचा. "घाबरू नका, मी आहे इथं. नाव काय तुमचं? पोरंबाळं किती?" दार उघडेपर्यंत तोंड बंद ठेवायचं नाही.

ते निवृत्त झाले, बायको गेली, मुलगा परदेशात. मागे बाबा बाथरूममध्ये घसरले तेव्हा मुलगा धावत आला, हॉलमध्ये कॅमेरा ठोकला आणि धावतच परत गेला. कॅमेरा चालायचा इंटरनेटवर, आणि इंटरनेटचा राउटर होता रुसूबाई. तो बसला की कॅमेरा आंधळा, कॅमेरा आंधळा झाला की मुलाचा फोन. तेवढाच फोन. त्या बिघाडाला बाबा मनातल्या मनात दीर्घायुष्य चिंतायचे.

आज मुलाने फोनवरूनच बिघाडाचा काटा काढायला घेतला.

"जुना पासवर्ड बदललात ना? छान. आता राउटरमध्ये बाहेरचं कुणी शिरू शकणार नाही. फक्त मी, तेही कुलूपबंद वाटेने. बिघडला की मी इथूनच बंद-चालू करेन. तुम्हाला त्रास नको."

"मला कसला त्रास? मी काय त्याला डोक्यावर घेऊन बसतो?"

"मेसेजमध्ये कोड आलाय, तो वाचा."

बाबांनी चष्मा शोधला. चष्मा नाकावरच होता.

"चार..."

"हां."

"सात... काय रे, तुझी धाकटी बोलायला लागली का?"

"बाबा, आकडे! कोड मिनिटभरच टिकतो."

कोड मेला. दुसरा मागवला, तर बाबांना खोकला आला. खोटा, पण मन लावून काढलेला.

"मुद्दाम करताय का?"

बाबांना ते लागलं. भीक मागायची सवय नव्हती त्यांना. तिसरा कोड त्यांनी एका दमात वाचून टाकला.

"झालं! माझा फोन आता ओळखीचा म्हणून नोंदवला. यापुढे कोड नको, तुम्हाला विचारायला नको."

"वा. म्हणजे या घरात आता मीच तेवढा जास्तीचा."

मुलगा हसला. त्याला तो विनोद वाटला.

त्यानंतर फोन आला नाही. एका दुपारी बाबा जेवत असताना राउटरचे दिवे गपकन विझले आणि एकेक करून परत लागले. घास हातातच राहिला. मुलगा तिकडूनच घरात येऊन गेला होता. चप्पल न काढता, हाक न मारता. कॅमेऱ्यातून बापाचं ताट बघितलंही असेल त्याने. बघेना का! कॅमेरे लिफ्टमध्येही असतात. अडकलेल्याला त्यांचा काडीचा उपयोग नसतो.

बाबा उठले, हात धुतला आणि राउटरची वायर भिंतीतून उपटली.

फोन वाजला.

"बाबा! कॅमेरा बंद, राउटर सापडत नाहीये! पडलात का?"

"अडकलोय."

"कुठे?"

"घरात. तू बोलत राहा."

पलीकडे कुणीतरी परक्या भाषेत मुलाला हाक मारत होतं. तो गेला नाही. बाबांनी आयुष्यभर अनोळखी माणसांना बंद डब्यात बोलतं केलं होतं. पोटच्या पोराला एक प्रश्न सुचेना.

"जेवलात?" शेवटी तो म्हणाला.

"अर्धंच."

"मग... वायर लावा ना बाबा. मला तुम्ही दिसत नाही."

"ऐकू येतोय ना?"

"हो."

"मग झालं तर."

बाबांनी फोन ताटाशेजारी उताणा ठेवला आणि गार झालेला घास उचलला. पलीकडून शब्द येत नव्हता. पण फोन अजून चालू होता.